पडद्यावरचा आकडा आणि पेटीतली वीज

सुरत म्हटले की मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांना प्रथम इतिहासाचे पुस्तक आठवते. १६६४ आणि १६७० या दोन साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, हे आपण लहानपणी घोकलेले असते. गेल्या मे महिन्यात मीही सुरतेला गेलो. मात्र माझी स्वारी फार साधी होती. मामा तिथे एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबनीस आहेत. सुट्टीत त्यांच्या हाताखाली दोन महिने बसून वहीखात्याचा अनुभव घ्यावा, एवढाच हेतू. आमच्या वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांच्या तोंडी सुरतेचे नाव सतत असते, कधी सुतासाठी, तर कधी तिकडच्या स्वस्त साड्यांवर चिडून. ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, ही इच्छाही होतीच.

विद्यार्थी मित्रांनो, मी प्रवासवर्णन लिहायला बसलेलो नाही. तिथे घडलेल्या एका लहानशा घटनेने माझ्या मनात जो प्रश्न उभा केला, तो आपल्यापुढे मांडायचा आहे. यंत्राने दाखवलेला आकडा आणि माणसाने सांगितलेली गोष्ट यांत फरक पडला, तर आपण कोणावर विश्वास ठेवावा? आज या प्रश्नाचे उत्तर आपण न विचारताच देऊन टाकतो, आणि ते बहुधा यंत्राच्या बाजूचे असते. माझ्या मते हे उत्तर उतावळे आहे. आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तर ते मुळीच शोभणारे नाही.

पेढीचे कार्यालय उधना भागातल्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आहे. वर पत्र्याचे छप्पर. हिशेबाचे कार्यालय इतक्या उकाड्यात का ठेवले, असे मी पहिल्याच दिवशी मामांना विचारले. ते म्हणाले, "अरे, २००६ चा पूर विसरलास का? तू तेव्हा जन्मलाही नसशील." ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पेढीच्या तळमजल्यावरच्या वह्या आणि संगणक त्या पाण्यात गेले. तेव्हापासून शेठजींनी ठरवले की हिशेब नेहमी वर राहील. पाण्याचे भय टाळले ते बरोबरच केले. पण त्या भयाने सारा सरंजाम उन्हात नेऊन ठेवला, ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

मुख्य संगणकाशेजारी यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी संगणक चालू ठेवणारे यंत्र, आणि त्याच्या लोखंडी रॅकमध्ये बॅटऱ्या. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात एका प्रोग्रॅमची लहानशी चौकट सतत दिसे. तिच्यात लिहिलेले असे : बॅटरी १०० टक्के, शिल्लक वेळ ४० मिनिटे. मी दोन आठवडे रोज ती चौकट पाहत होतो आणि रोज मला तोच आकडा दिसत होता. न बदलणाऱ्या आकड्याबद्दल शंका यायला हवी होती, हे आज कळते. तेव्हा मात्र त्या आकड्याचा मला आधारच वाटे. शिवाय मी होतो त्या दिवसांत तिथे वीज क्वचितच गेली. आमच्या गावाकडे आठवड्यातून दोनदा दिवे जातात, म्हणून घरातला इन्व्हर्टर किती वेळ टिकतो हे माझ्या आजीलाही ठाऊक आहे. वीज जातच नसेल, तर बॅटरीची परीक्षा होणार तरी केव्हा?

ती परीक्षा १९ तारखेच्या संध्याकाळी झाली. जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे असते, त्यामुळे कामाची घाई होती. खाली टेम्पो उभे होते आणि वर एक मुलगा बिलांच्या नोंदी करत होता. हा मुलगा माझ्याहून वर्षभराने लहान, लिंबायतमध्ये राहणारा. घर मूळचे खानदेशातले, घरी अहिराणी, बाहेर गुजराती, आणि माझ्याशी नीटनेटकी शाळेतली मराठी. पेढीचा नियम असा की वीज गेली तर चौकटीकडे लक्ष ठेवायचे आणि आकडा २० टक्क्यांवर आला की नोंदी थांबवून फाईल बंद करायची. पावणेसातच्या सुमारास वीज गेली. मुलाने चौकटीकडे पाहिले, १०० टक्के दिसले, आणि त्याने काम चालू ठेवले. तीन-चार मिनिटांत संगणक एकाएकी बंद पडला. हिशेबाची फाईल बिघडली. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून सर्वस्व गेले नाही. पण दिवसभराच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या आणि विवरणपत्राची मुदत चुकली.

शेठजी आले. त्यांनी यूपीएसच्या प्रोग्रॅमने ठेवलेली मिनिटामिनिटाची नोंद उघडून पाहण्यास सांगितले. ती मीच उघडली. शेवटच्या ओळीपर्यंत टक्क्यांच्या रकान्यात १०० हाच आकडा होता. शेठजी म्हणाले, "बॅटरी पूर्ण भरलेली होती तर यंत्र बंद कसे पडले? याने घाईत बटण दाबले असणार, किंवा पायाने वायर ओढली असणार." मुलगा म्हणाला, "मी कशालाही हात लावला नाही." शेठजींनी माझ्याकडे पाहून विचारले, "नोंद काय सांगते?" मी म्हणालो, "शंभर टक्के सांगते." मुलाचा आठ दिवसांचा पगार कापला गेला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही.

येथे मला प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे की त्या संध्याकाळी मी खोटे बोललो नाही, तरी खरेही बोललो नाही. नोंदीत जे लिहिले होते ते मी वाचून दाखवले. पण नोंद बरोबर आहे का, हा प्रश्न मी विचारला नाही, आणि तो न विचारल्यामुळे एका निर्दोष मुलावर ठपका बसला.

रात्री झोप लागेना. मामांना म्हणालो, "उद्या ती नोंद मी पुन्हा पाहू का?" मामा म्हणाले, "पाहा. पण नुसते टक्के पाहू नकोस. रकाने सगळे पाहा." हिशेबनिसाची ही सवय. बेरीज जुळली तरी त्याला बाजूचा रकाना पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

सकाळी पाहिले तर टक्क्यांच्या शेजारी व्होल्टेजचा रकाना होता. वीज असताना १०८.८ व्होल्ट. ६ वाजून ४१ मिनिटांनी वीज गेली तेव्हा ९७.२. पुढच्या मिनिटाला ९१.५, मग ८७, आणि ६ वाजून ४४ मिनिटांनी ८३.७. त्यापुढे ओळ नाही. म्हणजे व्होल्टेज धाडधाड उतरत होते आणि शेजारचा टक्क्यांचा रकाना ढिम्म शंभरावर बसला होता. एकाच पानावरचे दोन रकाने एकमेकांना खोटे ठरवत होते, आणि आम्ही त्यांतला सोयीचा तेवढा वाचला होता.

मग मी प्रोग्रॅममधले यंत्राविषयीचे पान उघडले. तिथे लिहिले होते : बॅटऱ्यांची संख्या ६. हातात विजेरी घेऊन रॅकमागे वाकून मोजल्या. आठ भरल्या. पुन्हा मोजल्या. आठच. मामांना विचारले तेव्हा उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी सहा बॅटऱ्यांचे लहान यंत्र काढून आठ बॅटऱ्यांचे मोठे यंत्र बसवले होते. यंत्र बदलले, पण प्रोग्रॅममधली नोंद बदलायचे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

आता या चुकीने काय घडते ते आकड्यांनीच पाहू. या जातीचे पुष्कळसे प्रोग्रॅम बॅटरीतली वीज प्रत्यक्ष मोजत नाहीत. ते व्होल्टेज वाचतात आणि त्यावरून टक्के काढतात. १२ व्होल्टची एक बॅटरी १०.४ व्होल्टवर रिकामी आणि १३ व्होल्टवर पूर्ण भरलेली, असे धरले तर सहा बॅटऱ्यांचा संच ६२.४ वर रिकामा आणि ७८ वर भरलेला ठरतो. आठांचा संच ८३.२ वर रिकामा आणि १०४ वर भरलेला. आमचा प्रोग्रॅम आठांचे व्होल्टेज वाचत होता आणि सहांच्या मापाने मोजत होता. म्हणून ८३.७ हा आकडाही त्याला ७८ पेक्षा मोठा, म्हणजे शंभर टक्के वाटला. आणि यूपीएस यंत्र मात्र आपल्या नियमाप्रमाणे ८४ च्या खाली बॅटरी जाताच स्वतःला बंद करून मोकळे झाले. बरोबर मापाने मोजले असते तर ६ वाजून ४३ मिनिटांनीच पडद्यावर १८ टक्के दिसले असते. मुलाने नियमाप्रमाणे फाईल बंद केली असती. मिनिटभर वेळ त्याला पुरला असता. त्याने नियम मोडला नव्हता. नियम ज्या आकड्यावर उभा होता तो आकडाच खोटा होता.

पण एवढ्याने सारे उलगडत नाही. प्रोग्रॅमचे माप चुकले हे खरे, तरी चाळीस मिनिटे चालायची बॅटरी चार मिनिटांत का बसली? यासाठी बॅटरीवाल्या काकांना बोलावले. साठीचे गृहस्थ, हातात एक मीटर आणि एक लोडची पेटी. त्यांनी पहिल्यांदा मला दूर उभे केले. आठ बॅटऱ्या ओळीने जोडल्या की जवळपास शंभर व्होल्ट होतात, त्यांना हात लावणे जिवावर बेतू शकते, हे काम हौसेने करायचे नाही, असे बजावले. मग चार्जर तोडून त्यांनी एकेक बॅटरी वेगळी केली, तिच्यावर लोड टाकला आणि मीटर पाहिला. सात बॅटऱ्यांनी ११.६ च्या आसपास दम धरला. आठवी अडीच व्होल्टवर कोसळली. मी मनात बेरीज केली. सात गुणिले ११.६ म्हणजे ८१.२, त्यात अडीच मिळवले की ८३.७. नोंदीतल्या शेवटच्या ओळीचा आकडा!

तीच आठवी बॅटरी चार्जर जोडलेला असताना संचात खपून जात होती. कारण चार्जर पूर्ण संचाचे व्होल्टेज ठरावीक पातळीवर, दर बॅटरीमागे १३.६ च्या आसपास, धरून ठेवतो. तेव्हा मीटरवर दिसते ते चार्जरचे बळ, बॅटरीचे नव्हे. आजारी माणसाला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून उभे केले तर तोही ताठ उभा दिसतो. हात सोडले की कळते. आणि ती बॅटरी आजारी का पडली, याचे कारण वर पत्र्याच्या छपरात होते. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाला धरून सांगितले जाते. त्यावर प्रत्येक दहा अंशांमागे ते जवळजवळ निम्मे होते, असा या धंद्यातला सर्वमान्य ठोकताळा आहे. पुराला घाबरून वर नेलेला सरंजाम उन्हाने पोखरला, तो असा.

शिशाची बॅटरी ही काही नवलाईची वस्तू नाही. फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी ती १८५९ साली सिद्ध केली. ती वेगाने रिकामी केली तर तिच्यातून एकूण वीज कमी मिळते, हे जर्मनीचे विल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ साली मांडले. वीस तासांत सावकाश रिकामी केली तर सात अँपिअर-तास देणारी लहान बॅटरी एका तासात रिकामी केली की त्यातले सुमारे साठ-सत्तर टक्केच हाती येतात. म्हणजे 'शिल्लक ४० मिनिटे' हा आकडा लोड किती, उष्मा किती, बॅटरीचे वय किती, अशा अनेक गोष्टींवर हलतो. तो अंदाज आहे. 'नेटवर्क यूपीएस टूल्स' नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम जगभर वापरला जातो. यंत्र स्वतः टक्के सांगत नसेल तेव्हा तोही व्होल्टेजवरूनच टक्के काढतो, आणि हा केवळ अंदाज असल्याचे त्याच्या माहितीपुस्तकात लिहिलेले आहे. म्हणजे करणारा प्रांजळपणे अंदाज म्हणतो, आणि वापरणारे आपण त्याला पुरावा म्हणतो.

आकडा चुकीचा वाटला तर काय करावे, हे काकांनी मला जसे समजावले तसे येथे देतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, दुकानी वा पुढे नोकरीच्या ठिकाणी हीच पेटी असणार आहे. पहिल्यांदा पडद्यावरचा आकडा जिवंत आहे का ते पाहावे. यंत्र आणि संगणक यांमधली तार निखळली तर काही प्रोग्रॅम शेवटचा वाचलेला आकडाच तसाच दाखवत राहतात. मग प्रोग्रॅममध्ये लिहिलेली बॅटऱ्यांची संख्या, त्यांची क्षमता आणि बसवल्याची तारीख ही प्रत्यक्ष रॅकशी ताडून पाहावी. काही यंत्रे पूर्ण संचाचे व्होल्टेज सांगतात, तर काही एका सेलचे, म्हणजे दोनच्या आसपासचे. प्रोग्रॅमने एकाचे दुसरे समजून घेतले तर टक्क्यांना अर्थच उरत नाही. मग व्होल्टेज तीन वेळा पाहावे : चार्जर चालू असताना, चार्जर काढून काही तास विश्रांती दिल्यावर, आणि लोडवर. विश्रांतीनंतर भरलेली बॅटरी १२.७ च्या आसपास असावी. पण खरा निकाल लोडवरच लागतो. शेवटी सुट्टीच्या दिवशी, फायली बंद करून, ठरावीक लोड लावून मुख्य वीज बंद करावी आणि घड्याळ हातात घेऊन बसावे. पुष्कळ यंत्रे अशा कसोटीनंतर आपला अंदाज स्वतःच सुधारून घेतात. नाही सुधारला, तरी आपल्याला खरा आकडा कळलेला असतो. तो वहीत लिहून ठेवावा. नवी बॅटरी घातल्यावर हे सर्व पुन्हा करावे.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार. पण आडात आहे की नाही हे कळायचे तर पोहरा आत सोडावाच लागतो. काठावर उभे राहून दोराची लांबी मोजणारा पाण्याचा अंदाज करतो. पाणी काढत नाही.

वाणिज्य शाखेच्या माझ्या मित्रांना यात काही ओळखीचे वाटले असेल. अंकेक्षणाच्या तासाला आपण किंग्स्टन कॉटन मिलचा १८९६ चा खटला शिकतो. गिरणीच्या व्यवस्थापकाने शिल्लक मालाचे आकडे फुगवून प्रमाणपत्र दिले, तपासनिसाने त्यावर विश्वास ठेवला, आणि न्यायालयाने तपासनिसाला दोषमुक्त केले. तो राखणदार आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, अशा अर्थाचा तो प्रसिद्ध निवाडा. पुढे १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या कंपनीचे प्रकरण उघडकीस आले, ज्यात कागदावरचा कोट्यवधींचा माल गोदामात नव्हताच. त्यानंतर तिकडे तपासनिसाने मालाची मोजणी प्रत्यक्ष पाहावी, हा दंडक झाला. आपल्या देशात ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबुली दिली की ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँकेतली शिल्लक अस्तित्वातच नाही. वर्षानुवर्षे आकडा कागदावर होता. आमच्या आठव्या बॅटरीसारखाच तोही खोट्या आधाराने ताठ उभा होता.

कोणी म्हणेल, हे सारे लबाडीचे दाखले झाले. यंत्र काही लबाडी करत नाही. खरे आहे. म्हणूनच यंत्राचा आकडा जास्त फसवतो. त्यामागे वाईट हेतू नसल्यामुळे आपल्याला शंकाच येत नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकून राहिली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप बंद झाल्यासारखे दाखवत होता. कारण त्या दिव्याला झडपेची स्थिती कळतच नव्हती; झडपेला दिलेला विजेचा संकेत बंद झाला, एवढेच तो सांगत होता. दोन तासांहून अधिक काळ थंड करणारे पाणी निघून गेले आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला. तिथले लोक अडाणी नव्हते. दिवा काय मोजतो आणि आपण त्याचा काय अर्थ घेतो, यातले अंतर त्या घाईत त्यांच्या ध्यानात आले नाही, एवढेच.

यावर दुसरा एक आक्षेप मला मामांनीच घेतला. ते म्हणाले, "प्रत्येक आकड्यावर संशय घेत बसलास तर धंदा कसा चालायचा? शेवटी त्या मुलाला निर्दोष ठरवले तेही त्याच नोंदीने ना?" हा आक्षेप मला मान्य आहे. व्होल्टेजचा रकाना नसता तर खरे कधीच कळले नसते. म्हणून मी यंत्राच्या विरुद्ध नाही. यंत्राने नोंद ठेवावी, माणसाने ती तपासावी, आणि तपासणीची वेळ संकट येण्यापूर्वीची असावी, एवढेच माझे म्हणणे आहे. रोज तपासणे शक्य नाही; पण महिन्यातून एकदा बँकेच्या खात्याचे जुळवणी पत्रक आपण करतोच ना? आणि जिथे आकड्यावरून एखाद्या माणसाची रोजी किंवा अब्रू जाणार असेल, तिथे तर तो आकडा कशावरून आला, हे विचारल्याशिवाय पुढचे पाऊलच टाकू नये. मालकाने विचारावे, आणि त्याने नाही विचारले तर शेजारी बसलेल्या शिकलेल्या माणसाने विचारावे. त्या संध्याकाळी ते काम माझे होते.

शेठजींना मी आणि मामांनी सर्व दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग पाकिटात आठ दिवसांचा पगार घालून म्हणाले, "त्याला देऊन ये. कामावर यायचे असेल तर येऊ दे." मी लिंबायतला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. त्याला दुसऱ्या बाजारात काम मिळाले होते. पैसे घेऊन तो म्हणाला, "दादा, बॅटरी खराब होती हे तुम्ही दुसऱ्या दिवशी शोधलंत. मी खोटं बोलत नाही, हे त्याच दिवशी कोणाला का वाटलं नाही?" या प्रश्नाला मी तिथे उत्तर देऊ शकलो नाही. आजही माझ्यापाशी लेखाखेरीज दुसरे उत्तर नाही.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षातही अशीच पेटी आहे आणि पडद्यावर असाच आकडा आहे. माझी प्राध्यापकवर्गाला आणि मित्रांना एक सूचना आहे. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, कक्षातले काम संपल्यावर, जाणकाराच्या देखरेखीखाली ती पेटी लोडवर चालवून पाहावी आणि किती मिनिटे टिकली हे एका वहीत लिहावे. वही वाणिज्य विभागाच्या विद्यार्थ्यांनी ठेवावी. एका महिन्याची नोंद मराठीत, पुढच्या महिन्याची कन्नडमध्ये. खर्च काहीच नाही. अंकेक्षणाच्या पुस्तकातले प्रत्यक्ष पडताळणीचे प्रकरण मात्र त्यातून जन्मभर लक्षात राहील.

या अंकाच्या कन्नड विभागातल्या माझ्या मित्रांकडे यासाठी एक म्हण आयतीच आहे. 'प्रत्यक्ष कंडरू प्रमाणिसि नोडु.' प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले तरी पारखून घे. माझ्या आईकडून ती मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ कळायला मात्र मला सुरतेपर्यंत जावे लागले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच एका मुलाने भरली.

— एक विद्यार्थी, बी. कॉम. द्वितीय वर्ष